उजव्या पानावरची माणसं

दिनांक २८ सप्टेंबर २००३, रविवार, सकाळी साडेदहा. रक्कम रुपये पाच हजार एक, रोख, पांढऱ्या पाकिटात. शाल आणि नारळ वेगळे. ठिकाण लातुरातल्या एका मोठ्या क्लासचा पत्र्याचा हॉल. हजर: क्लासचे संचालक, फिजिक्स शिकवणारे त्यांचे भागीदार, बारावीची साडेतीनशेच्या आसपास मुलंमुली, एक फोटोग्राफर, पहिल्या रांगेत काकू, त्यांच्या शेजारी मी. आणि व्यासपीठावर गुरुजी.

मुलांचा आकडा मी खुर्च्यांच्या रांगांवरून काढला आहे. बाकी सगळं नक्की आहे.

गुरुजींचं नाव मी लिहिणार नाही. नावं घेण्याबद्दल त्यांचा स्वतःचा एक नियम होता आणि त्या नियमात ते बसत नाही.

मी मूळचा उमरीचा. बांधकामाच्या एका कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून लातूरला आलो तेव्हा १९९३च्या भूकंपाला दोन वर्षं झाली होती. गुरुजी औशाकडच्या एका खेड्यात हायस्कुलात इतिहास शिकवत. भूकंपात घर गेलं, शाळाही पडली. पुढं निवृत्त होऊन ते काकूंना घेऊन लातूरला आले आणि चार खोल्या बांधल्या. त्यातली एक मी दहा वर्षं भाड्यानं घेतली होती.

चारही खोल्यांवर पत्रा. आमच्या गल्लीत दोन हजार सालापर्यंत प्रत्येक घरावर स्लॅब आणि स्लॅबवर दुसरा मजला चढला, कारण नांदेड, परभणी, सोलापूरहून पोरं क्लाससाठी येत होती आणि आईबाप एका खाटेचे सहाशे रुपये द्यायला तयार होते. गुरुजींना स्लॅब घालणाऱ्या गुत्तेदारांनी पुष्कळ समजावलं. ते म्हणत, "पत्रा पडला तर डोक्याला टेंगूळ येतंय. बाकीच्याचा हिशेब मी बघितलाय."

ते स्वतः अंगणात झोपत, बारा महिने. उशाशी फरशीवर एक स्टीलचा पेला पालथा, त्यावर दुसरा सुलटा, त्यावर तिसरा. जमीन हलली की पेले वाजणार. पेले बहुतेक वेळा मांजर पाडायची. प्रत्येक वेळी गुरुजी "बाहेर! बाहेर!" म्हणून ओरडायचे आणि भाडेकरू पोरं पुस्तकं घेऊन बाहेर यायची. खोल्यांतल्या खाटा भिंतीपासून दीड फूट लांब असाव्या लागत. दर एक तारखेला भाड्याबरोबर ते फूटपट्टीनं अंतरही मोजून जात. एकदा माझ्या खाटेचं अंतर सव्वा फूट भरलं. "कारकून," ते म्हणाले, "आकडे लिहून पोट भरता आन तीन इंचाची चोरी करायलाव?"

ते मला नेहमी कारकूनच म्हणत.

त्यांचा दुसरा नाद म्हणजे थोर माणसं. जगात ज्यांनी धीरानं आणि चिकाटीनं काहीतरी बदलून टाकलं अशांची एक जाड वही त्यांनी केली होती. वहीच्या डाव्या पानावर त्या माणसानं काय केलं ते. उजव्या पानाच्या माथ्यावर शब्द: 'सोबतचे'. डावी पानं भरलेली असत. उजवी बरीचशी कोरी.

नियम असा, की उजव्या पानावर एक तरी नाव मिळाल्याशिवाय डाव्या पानावरच्या माणसाचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. "जोडीनं घ्यायचं, न्हाईतर घ्यायचंच न्हाई. एकट्याचं नाव घेतलं की लोक हार घालून मोकळे होतेत." त्यामुळे त्यांच्या बोलण्यात सगळं जग बिननावाचं होतं. कंदील घेऊन जखमी शिपायांत फिरणारी बाई. 'त्या कंदिलात तेल कोण घालत होतं?' ढिगानं माती ढवळून चिमूटभर रेडियम काढणारी बाई. 'ती माती गाडीतून उतरवली कुणी?' मीठ उचलायला चालत गेलेला म्हातारा. 'वाटेत भाकऱ्या कुणी थापल्या?' शेणाचे गोळे अंगावर घेत मुलींना शिकवायला जाणारी आपल्याकडची बाई मात्र या नियमात बसे, कारण तिच्याबरोबर शिकवणारी दुसरी कोण ते त्यांना ठाऊक होतं. त्या दोघींची नावं ते एका दमात घेत आणि घेताना टोपी सरळ करत.

उजवी पानं भरण्यासाठी ते पुस्तकं छापणाऱ्यांना पोस्टकार्डं पाठवत. एकदा पुण्याहून उत्तर आलं: 'दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या जहाजावरील स्वयंपाक्याचे नाव आमच्याकडे उपलब्ध नाही. मात्र सदर पुस्तक सवलतीत मिळेल.' गुरुजींनी पुस्तक मागवलं. त्यात जहाजाचं वजन होतं, लांबी होती, कुत्र्यांची नावं होती. "कुत्र्याचं नाव हाय बघा," ते मला पान दाखवून म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

काकू आतून म्हणाल्या, "दुनियेच्या स्वयंपाक्याचं नाव शोधतेत, आन घरातल्या स्वयंपाकिणीला चाळीस वर्सं 'अगं' म्हणतेत."

 दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून गुरुजींनी काकूंना नावानं हाक मारली. काकू हातातलं पीठ तसंच घेऊन धावत बाहेर आल्या. त्यांना वाटलं, पेले पडले.

तर असा माणूस क्लासवाल्यांच्या नजरेत भरला. पोरं अभ्यासानं पिळून निघत होती. त्यांना महिन्यातून चार रविवार एकेक तास कुणीतरी उभारी द्यावी असं संचालकांच्या डोक्यात आलं. त्याला प्रेरणा तास म्हणत. तासाचे दीडशे, महिन्याचे सहाशे. गुरुजींची पेन्शन बेताची होती. काकूंच्या गोळ्या त्या सहाशेतून येत. संचालकांना वाटलं होतं, गुरुजी यशाचे मंत्र सांगतील. गुरुजी पोरांना विचारत, "तुमचा डबा आज कुणी भरला? लिहा." पोरं लिहीत. एकदा एका पोरानं मेसचं नाव लिहिलं, तर गुरुजींनी त्याला मेसमध्ये पाठवून भाकऱ्या करणाऱ्या बाईचं नाव आणायला लावलं. मुलांना तो तास आवडायचा. काहीच पाठ करावं लागत नव्हतं.

आता भूकंपाचं. गुरुजी हे मला एकदाच बोलले, त्या २८ तारखेच्या दोनेक आठवडे आधी, दुपारी, अंगणात. क्लासचं पत्र आलं होतं. भूकंपाला दहा वर्षं पूर्ण होत होती. हॉलच्या भिंतीवर 'जग बदलणारी माणसं' म्हणून दहा चित्रं रंगवून लावलेली होती, त्यांत अकरावं गुरुजींचं लागणार होतं. खाली मजकूर: 'ढिगाऱ्यातून अकरा जीव वाचवणारे शिक्षक.'

अकराची गोष्ट त्यांच्या भागात सगळ्यांना माहीत होती. वर्तमानपत्रात आली होती. मी स्वतः ती ऐकूनच खोली घेतली होती.

"कारकून, तुमच्या कचेरीत पुनर्वसनाच्या याद्या हायत ना? ही नावं ताडून आणा." त्यांनी वहीच्या मागच्या पानावरची अकरा नावं दिली.

मी दोन दिवस याद्या बघितल्या. अकरापैकी चार नावं मृतांच्या यादीत होती. सात जिवंत.

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "सातच. शाळेचं दार तेवढं उभं राहिलं होतं. त्याच्यावर मी खडूनं रेघा ओढत होतो. जिता निघाला तर उभी रेघ, मेलेला निघाला तर आडवी. पेपरवाला आला, त्यानं सगळ्या रेघा मोजल्या आन गेला. मी त्याला दुरुस्तीचं कार्ड टाकलं. छापलं न्हाई."

"मग सात सांगा," मी म्हटलं.

"सात तर सांगतोच. पण ते सातबी मी काढलेले न्हाईत."

काढले होते गावातल्या एका गवंड्यानं. त्याला सगळे चाचा म्हणत. त्याचं घराणं चार पिढ्या त्या गावात दगडाचं काम करत आलेलं. गुरुजींच्या गल्लीतली चौदा घरं त्यानं किंवा त्याच्या बापानं बांधलेली. दोन-अडीच हात रुंद भिंती, मातीत बसवलेले गोल दगड, वर तुळया आणि मातीचं जाड छत, माळवद. पहाटे सगळं खाली आलं तेव्हा लोक दिसेल तो दगड ओढत होते आणि ओढल्यानं आणखी दगड घसरत होते. चाचा ओरडत आला, "ओढू नका! उचला! वरचा आधी!" कुठल्या घराची तुळई कुठं टेकते, कुठं कोनाडा आहे, कुठल्या भिंतीत चूल आहे, ते त्याच्या डोक्यात होतं. तो म्हणे, "माझ्या हातची भिंत हाय. पडली तरी कशी पडल ते मला माहीत हाय. पोकळी इथंच राहती." तिथं हात घातला की माणूस सापडे. तीन दिवस हे चाललं. गुरुजी त्याच्या हाताखाली दगड घेत होते, पाणी आणत होते, अंधारात बॅटरी धरत होते.

तिसऱ्या दिवशी दोन लेकरं गमावलेल्या एका बापानं चाचाची गचांडी धरली. "तूच रचलास हे दगड. तूच." कुणी सोडवायला आलं नाही. चाचानंही हात वर केला नाही.

चौथ्या दिवशी तो बायकोपोरीला घेऊन गाव सोडून गेला. जाताना गुरुजींचा हात धरून म्हणाला, "जितं काढलं त्याच्यात माझं नाव घेऊ नका. नाव निघालं की भिंतीचंबी निघतंय." गुरुजींनी शब्द दिला.

हे सांगून झाल्यावर गुरुजी बराच वेळ पेले पुसत बसले. मग म्हणाले, "शब्द मोडावा तर चाचा उघडा पडतो. न मोडावा तर मी चोर."

"जाऊच नका मग," काकू म्हणाल्या.

"न्हाई गेलो तरी चित्र लागतंयच. आन खाली अकरा."

"आन तास गेला तर?"

गुरुजी उठले. ते घरात गेले आणि पोस्टकार्ड लिहून बाहेर आले. चाचा मुदखेडला मुलीकडं राहत होता. दर ईदला गुरुजींचं कार्ड जाई, दिवाळीला तिकडून येई. या वेळी उत्तर पाच दिवसांत आलं. मुलीनं लिहिलं होतं: 'गुरुजींना सलाम. अब्बा म्हणतात, नाव घेऊ नका. पाऊस बरा आहे.'

रविवारी गुरुजींनी कडक इस्त्रीचं धोतर नेसलं. नवी टोपी घातली. कौतुक त्यांना आवडत नव्हतं असं मी म्हणणार नाही. व्यासपीठावर शाल घातली तेव्हा त्यांनी ती दोन्ही खांद्यांवर सारखी करून घेतली. पाकीट मांडीवर ठेवलं. भिंतीवरच्या अकराव्या चित्रावरचा पडदा बाजूला झाला. रंगाऱ्यानं त्यांना दहा वर्षांनी तरुण केलं होतं आणि पाठीमागं उगवता सूर्य काढला होता.

संचालक माईकवर म्हणाले, "एक नाही, दोन नाही, अकरा जीव!"

"सात," गुरुजी खुर्चीवरूनच म्हणाले.

मागच्या रांगांत हसू झालं. संचालकही हसले. "गुरुजींचा विनय बघा. अहो, अकरा छापून आलंय."

"छापून आलं म्हणून चार जण उठून बसत न्हाईत, सर."

 गुरुजी उठून माईकपाशी आले. ते फार बोलले नाहीत. मी तिथंच पत्रिकेच्या पाठीवर उतरून घेतलं, तेवढंच देतो.

"सात जिते निघाले. ते मी काढले न्हाईत. मी दगड वाहिले आन बॅटरी धरली. काढणारा दुसरा होता."

पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "सर, मग त्यांचं नाव काय?"

"त्यांची परवानगी न्हाई."

"पण सर, तुम्हीच तर आम्हाला नावं आणायला लावता!" दुसरं कुणीतरी मागून ओरडलं आणि टाळी पडली. ती टवाळीची होती.

गुरुजींनी टोपी काढून हातात घेतली. "बरोबर बोललास. उजवं पान कोरं असंल तर डाव्या पानाचं नाव घेता येत न्हाई. मी नियम केला तवा तो मलाबी लागू होता. दहा वर्सं मी तो स्वतःला लावला न्हाई. लोक अकरा म्हणायचे, मी सात म्हणायचो आन वाटायचं, खरं बोललो." ते संचालकांकडं वळले. "सर, चित्र उतरवा."

"कार्यक्रम झाल्यावर बघू की, गुरुजी."

"मी बसतो," असं म्हणून गुरुजी खुर्चीत बसले. शाल घडी करून टेबलावर ठेवली, तिच्यावर नारळ.

कार्यक्रम पुढं सरकेना. फिजिक्सचे भागीदार घड्याळ बघत होते. अकरापासून त्यांची चाचणी होती. शेवटी शिपायानं शिडी आणली आणि ती मी धरली. चित्र खाली आलं तेव्हा पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती. या टाळ्या कशाच्या, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही. पुष्कळशी पोरं पाय मोकळे करायला उठली असणार.

पाकिटाचं गुरुजी म्हणाले, "हे माझं न्हाई, पण तुमचंबी न्हाई वाटतं. ज्याचं हाय त्याला विचारतो."

संचालकांनी मान हलवली. पुढच्या रविवारी तास नव्हता. त्याच्या पुढच्याही रविवारी नव्हता. कुणी काही कळवलं नाही, फक्त बोलावणं थांबलं.  काकूंच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या होत्या, त्या एकवेळ झाल्या.

पहिल्या मोकळ्या रविवारी, ५ ऑक्टोबरला, गुरुजी आणि मी सकाळच्या गाडीनं नांदेडला आणि तिथून मुदखेडला गेलो. स्टेशनाबाहेर जावयाचा चहाचा गाडा होता. चाचा त्याच्यामागं बसून कपबश्या विसळत होता. साठी ओलांडलेला, बोटं जाड, नखं तुटलेली. गाव सोडल्यापासून त्यानं दगडाचं काम केलं नव्हतं, असं जावई म्हणाला.

चाचानं हात पुसले, गुरुजींना मिठी मारली, मला सलाम केला. "ये कौन?"

"कारकून. माझा भाडेकरू. हिशेबाचा पक्का हाय."

चहा झाला. गुरुजींनी सगळं सांगितलं आणि पाकीट फळीवर ठेवलं.

"कितना है?"

"पाच हजार एक."

"कशाचे?"

"बक्षिसाचे."

चाचानं कप उपडा ठेवला. "बक्षीस कशाचं, गुरुजी? भिंत रचल्याचं का भिंत काढल्याचं?"

  जावयानं गिऱ्हाइकाला चहा दिला, पैसे घेतले. प्लॅटफॉर्मवर गाडी येऊन उभी राहिली होती.

मग चाचाच म्हणाला, "बक्षीस न्हाई घेत. तीन दिवस काम केलं, त्याची मजुरी कुणी दिली न्हाई. ती घेतो. ती हक्काची हाय." माझ्याकडं वळून: "साहेब, त्या साली गवंड्याचा रोज काय होता?"

आमच्या कचेरीचा दर मला पाठ होता. "ऐंशी."

"ते सरकारी. आमच्या गावात पंच्याहत्तर देत होते. पंच्याहत्तरच लावा."

"तीन दिवसांचे दोनशे पंचवीस," मी म्हटलं.

"हां. आन ह्यांचे?" चाचानं हनुवटीनं गुरुजींकडं खूण केली.

"माझे कशाचे?" गुरुजी म्हणाले.

"बिगारी न्हवता का माझ्या हाताखाली? बिगाऱ्याचा रोज चाळीस होता. साहेब, ह्यांचेबी लावा."

"एकशे वीस," मी म्हटलं.

"न्हाई, न्हाई. पहिल्या दिवशी दुपारपातूर हे शाळेच्या पायरीवर रडत बसले होते. दोनदा हाक मारली, उठले न्हाईत. अर्धा रोज कापा."

मी गुरुजींकडं पाहिलं. मला सांगताना त्यांनी तीन दिवस म्हटलं होतं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मग ते हळू म्हणाले, "बरोबर हाय. कापा."

"मोजून घ्या, बिगारी," चाचा म्हणाला आणि हसला. दात दोनच उरले होते.

सुट्टे जावयाच्या गल्ल्यातून घेतले. उरलेली रक्कम मी सोमवारी क्लासच्या कचेरीत भरली. त्यांनी पावतीवर 'देणगी' लिहिलं होतं, ते खोडून 'परत' असं करून घेतलं.

अंतिम हिशेब असा. गवंडी, तीन दिवस, पंच्याहत्तरप्रमाणे: रुपये दोनशे पंचवीस, चाचांना. क्लासला परत: रुपये चार हजार सहाशे शहात्तर. बिगारी, अडीच दिवस, चाळीसप्रमाणे: रुपये शंभर, गुरुजींना. ते त्यांनी दोनदा मोजून टोपीच्या घडीत ठेवले.